पाइप पुसला का?

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटात कुणाकडे जेवायला गेलं की पुरुषांना विचारतात, "कुठल्या कंपनीत?" आणि बायकांना विचारतात, "तुम्ही पण आयटीतच का?" मी एकोणीस वर्षं सांगत आले, "नाही, मी क्लॅम्प विकते." त्यावर पुढचा प्रश्न यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मी आणखी दोन पुऱ्या वाढून घेते.

या उन्हाळ्यात निवृत्त झाले, तर आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादिकेनं करिअरवर लिहा म्हणून गळ घातली. करिअर म्हणावं असं फार काही घडलेलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमागून इथं आले, काम करायची परवानगी मिळेपर्यंत सहा वर्षं घरात बसून वैतागले, आणि परवानगी मिळाली त्याच आठवड्यात वॉल्टरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. वॉल्टरचं दुकान लाकूडकामाच्या हत्यारांचं. त्यानं विचारलं, "मॅम, लाकडातलं काय येतं?" मी म्हटलं, "माझे वडील कोल्हापुरात फाउंड्रीसाठी ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. मी त्यांच्या रंध्याच्या भुशात वाढले." त्यानं मला क्लॅम्पच्या रांगेत उभं केलं. ही माझ्या वडिलांची पुण्याई असं मी बरीच वर्षं समजत होते. नंतर कळलं की त्या रांगेत उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

ज्यांनी आयुष्यात लाकूड फक्त फर्निचरच्या रूपात पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. टेबलाचा माथा एका अखंड फळीचा नसतो. चार-पाच फळ्या कडेला कड लावून सरसानं चिकटवतात, आणि सरस वाळेपर्यंत त्या आवळून धरायच्या असतात. आवळून धरतो तो क्लॅम्प. त्यातला पाइप क्लॅम्प साधा आणि कामसू. लोखंडाचे दोन तुकडे असतात. एक पाइपच्या आट्यांवर फिरवून पक्का बसवायचा, त्याला स्क्रू आणि मूठ असते. दुसरा पाइपवर मागंपुढं सरकतो, आणि दाब आला की त्याच्या आतल्या पोलादी चकत्या तिरक्या होऊन पाइपला चावा घेतात. आज दोन फुटी पाइप लावा, उद्या तेच तुकडे काढून सहा फुटी पाइपला लावा, काम तितकंच चोख.

गोम एकच, डब्यात पाइप नसतो. पाइप नळकामाच्या दुकानातून वेगळा आणायचा. हे मी प्रत्येकाला सांगे, डब्यावर लिहिलेलंही असे, तरी दर आठवड्याला एक तरी फोन यायचा, "तुम्ही मला अर्धाच क्लॅम्प दिलाय." विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन भांडायला आले. मी त्यांना पाऊण इंची पाइप आणायला सांगितला होता आणि तो बाहेरून मोजला तर इंचाहून जाड भरत होता. पाइपचं नाव आणि माप यांचा संबंध आडनाव आणि स्वभाव यांच्याइतकाच, हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला. पुढं ते नियमित गिऱ्हाईक झाले, पण कॅलिपर खिशात असायचाच.

अर्धा इंची घ्यावा की पाऊण इंची, हा प्रश्न सगळेच विचारत. चौकटीबिकटीला अर्धा इंची चालतो, पण रुंद कामाला तो वाकतो, म्हणून पाऊण इंचीच घ्या, मी सांगे. चकचकीत जस्ताचा नको, काळा घ्या, आणि दोन्ही टोकांना आटे पाडलेला घ्या, म्हणजे पुढं कधी दोन पाइप जोडून लांब करता येतील. किती घ्यायचे? दर वीतभर अंतराला एक. एक फळ्यांच्या खालून, पुढचा वरून, असे आलटून पालटून लावा, नाहीतर माथा पापडासारखा एका बाजूला वळतो. पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागद ठेवा, कारण ओक लाकडाला ओला सरस आणि लोखंड एकदम लागलं की काळा डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही. सरस लावायच्या आधी एकदा कोरडी तालीम करा. आणि आवळताना हात राखून. जोर आहे म्हणून पिळत राहिलं तर सरस सगळा बाहेर येतो आणि सांध्यात काही उरत नाही. अति तेथे माती. सांध्यावर मोहरीएवढे थेंब ओळीनं दिसले की थांबायचं.

या सगळ्याच्या शेवटी, गिऱ्हाईक दाराशी पोचलं की माझा एक प्रश्न ठरलेला असे. नव्या काळ्या पाइपवर तेलाचा हात असतो, त्यावर चकत्या चावा घेत नाहीत, घसरतात. म्हणून मी मागून ओरडायची, "पाइप पुसला का?" निरोपाच्या केकवर वॉल्टरनं हेच वाक्य लिहून घेतलं होतं. सगळे हसले, मीही हसले. पण केक कापताना मला एकाच माणसाची आठवण येत होती, ज्याला मी हे विचारलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अभिजित म्हणून एक नागपूरचा मुलगा दुकानात आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, सॉफ्टवेअरवाला, हातात लॅपटॉप. सगळ्या कामाचा तक्ता बनवून आणला होता, कुठली फळी कुठल्या मिनिटाला चिकटवायची इथपर्यंत.

"काकू, मला बंगई करायचीय," तो म्हणाला. आम्ही कोल्हापूरकडे झोपाळा म्हणतो, नागपूरकडे बंगई. "बाबांसाठी सरप्राइज होतं, पण त्यांना कळलंय. गॅरेजमध्ये लाकूड दिसतंच ना यार."

हळूहळू सगळं कळलं. आई गेल्यावर नागपूरचा फ्लॅट विकून त्यानं वडिलांना कायमचं इकडं आणलं होतं. वडिलांनी येताना त्यांच्या एका बॅगेत अर्धं वजन बंगईच्या पितळी साखळ्यांचंच भरलं होतं. फळी विमानात येण्याजोगी नव्हती, ती शेजाऱ्यांना दिली. साखळ्या तशाच कपाटात पडून होत्या आणि वडील चार महिने सोफ्याच्या कडेवर बसून होते, एखाद्या पाहुण्यासारखे.

"काही मागत नाहीत, काही बोलत नाहीत," अभिजित म्हणाला. "मी विचारलं, आवडत नाही का इथे? तर म्हणतात, छान आहे. असं छान आहे म्हणतात ना काकू, की मला टेन्शन येतं."

मग मी त्याच्या तक्त्यात लक्ष घातलं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, पांढऱ्या ओकच्या चार फळ्या. म्हणजे वीतभराच्या हिशेबानं सात क्लॅम्प, चार खालून आणि तीन वरून. कोरड्या तालमीला त्याच्या तक्त्यात जागा नव्हती, ती मी घालायला लावली. जाताना मागून ओरडले. त्यानं अंगठा दाखवला.

पुढच्या आठवड्यात तो वडिलांना घेऊन मेणकागद न्यायला आला. बापूकाका म्हणजे उंच, सडसडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, वय पंचाहत्तरच्या पुढं. बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फोरमन होते. अभिजित आत गेला तसे ते माझ्या काउंटरपाशी थांबले आणि एकेक हत्यार निरखू लागले. सरकता तुकडा हातात घेऊन त्यांनी चकत्या बोटानं मागंपुढं केल्या आणि चार महिन्यांत बहुधा पहिल्यांदा, आपणहून एक प्रश्न विचारला.

"ताई, उद्या खंडेनवमी. इथं हत्यारांची पूजा करता का तुम्ही लोक?"

मी काउंटरखालची कुयरी काढून दाखवली. दर खंडेनवमीला मी काउंटरवरच्या रंध्याला आणि पटाशीला हळदकुंकू लावत असे. वॉल्टरला पहिल्या वर्षी वाटलं होतं की फळ्यांवर खुणा करायची नवी पावडर आली आहे. नंतर ऑक्टोबर लागला की तोच विचारायचा, "मॅम, माझ्या हत्यारांचा सण कधी?" हे ऐकून बापूकाका हसले. मी हळदकुंकवाच्या दोन पुड्या बांधून त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हटलं, "तुमच्या गॅरेजमधली पूजा तुम्ही करा." पुड्या खिशात घालून ते ताठ चालत बाहेर पडले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मागून ओरडायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी दुकानात अभिजितचा फोन. "काकू, सांधे उघडे पडलेत. आवळताना एकदम परफेक्ट होतं, जेवून आलो तर फळ्यांमध्ये क्रेडिट कार्ड जाईल एवढी फट. क्लॅम्प डिफेक्टिव्ह आहेत."

"पाइप पुसला का?"

"काल रात्री पुसला. दोनदा. स्पिरिटनं."

मी सगळे प्रश्न विचारून पाहिले. उत्तरं बरोबर. शेवटी म्हटलं फोटो पाठव. फोटोत सातही पाइपवर, बरोबर सरकत्या तुकड्याच्या जागी, कुंकवाची बोटं आणि त्याखाली तेलाची चकाकी. खंडेनवमीला हत्यार पुसून, तेलाचा हात देऊन मग कुंकू लावायचं, ही वर्कशॉपची जुनी रीत. माझ्या वडिलांचीही तीच होती. अभिजित उठायच्या आत काकांनी ती मनोभावे पाळली होती. अभिजितनं कुंकू पाहिलंही होतं, त्याला गंमत वाटून त्यानं बहिणीला फोटो पाठवला आणि सरसाची बाटली उघडली.

इथं मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मी फोनवर म्हटलं, "क्लॅम्प ठीक आहेत. पाइपला कुणीतरी तेल लावलंय." एवढंच. पुड्या मी दिल्या हे बोलले नाही, सांगायचं विसरले हेही नाही. माझ्या क्लॅम्पचं नाव राखायच्या घाईत मी एका म्हाताऱ्या माणसाचं नाव पुढं केलं आणि फोन ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बुधवारी अभिजित सातही क्लॅम्प खोक्यात घालून परत करायला आला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"बंगई कॅन्सल," तो म्हणाला. "बाबा परत चाललेत. चुलतभावाकडे राहणार म्हणतात. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेचं तिकीट काढायला लावलं मला. साखळ्या परत बॅगेत भरल्यात."

"का रे?"

"मी बोललो ना त्यांना. म्हटलं, बाबा, तुम्हाला एवढंही कळत नाही?" त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं. "सॉरी म्हटलं नंतर. दहा वेळा म्हटलं. ते म्हणतात, अरे, तू बरोबरच बोलला."

मी खोकं परत घेतलं नाही. वॉल्टरला म्हटलं, "मला दोन तास सुट्टी हवी, चूक निस्तरायची आहे." वॉल्टरनं कसली चूक ते विचारलं नाही, गाडीची किल्ली कुठं ठेवलीस एवढंच विचारलं, कारण ती मी रोज विसरायची.

अभिजितच्या घरी बापूकाका सोफ्याच्या कडेवर बसले होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. पुड्या माझ्या, विसरले मी, आणि फोनवर गप्प राहिले तीही मीच.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हात हलवून म्हणाले, "ताई, तुम्ही काहून वाईट वाटून घेऊन राहिल्या? पोरगा बोलला त्याचंही काही नाही. त्या तुकड्याच्या आतल्या चकत्या मी दुकानात पाहिल्या होत्या. तो क्लच आहे. तीस वर्षं क्लचप्लेटी बदलल्या मी. तेल लागलं की क्लच घसरतो, हे माझ्या हाताखालच्या पोरांना मी शिव्या देऊन शिकवलं. आणि मीच तेल लावलं." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "हे एक माझं राहिलं होतं, ताई. तेही गेलं. मग इथं बसून मी काय करू?"

मला रडू आलं. पण रडून फळ्या चिकटत नाहीत. मी म्हटलं, "आधी गॅरेजमध्ये चला. मला माल बघायचाय."

माल वाईट नव्हता. उघडलेल्या सांध्यांवरून फळ्या पुन्हा करवतीनं चिरायच्या, कडा नव्यानं साफ करायच्या, की लाकूड नव्यासारखं. प्रत्येक सांध्याला थोडं लाकूड जाणार, बंगई सगळी मिळून बोटभर अरुंद होणार. "दोन फुटांत बोटभर कमी," मी म्हटलं. "काका, तुम्ही तेवढे सडसडीत आहात." ते हसले नाहीत, पण वाकून त्यांनी फळीच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हे सरळ कोण करून देईल?"

शनिवारी सकाळी दुकानाच्या मागच्या भागात वॉल्टरनं स्वतःच्या मशीनवर त्या कडा सरळ केल्या. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धरल्या, तर मधून उजेड दिसेना. बापूकाकांनी मान डोलावली. वॉल्टर म्हणाला, "यांना विचारा, पास का?" मी विचारलं. काका म्हणाले, "त्याला सांगा, माझ्याकडे असता तर परमनंट केला असता." मी ते भाषांतर करून सांगितल्यावर वॉल्टर दिवसभर खुशीत होता.

दुपारी त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं. अभिजितनं लॅपटॉप उघडायला घेतला तर काकांनी तो मिटला. बाही वर सारून त्यांनी स्पिरिटचं फडकं घेतलं आणि सातही पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसले. मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसले. मग अंगठा आणि बोट घासून पाहिलं. त्यानंतर खिशातून माझी पुडी काढली आणि प्रत्येक क्लॅम्पच्या मुठीवर, फक्त मुठीवर, चिमूटभर कोरडं कुंकू टेकवलं.

"आता कोरडी तालीम," मी म्हटलं.

"दोनदा," काका म्हणाले.

सरस लावल्यावर हाताशी दहा-बारा मिनिटंच असतात, आणि त्या मिनिटांत घर कुणाचं आणि फोरमन कोण हे स्पष्ट झालं. "मधला आधी. हां. आता डावा. इतका नाही रे, बोल्ट आवळून राहिला का? अर्धा आटा. थांब." अभिजित, ज्याच्या हाताखाली म्हणे पंचवीस इंजिनिअर आहेत, "हो बाबा, हो बाबा" करत टेबलाभोवती फिरत होता. शेवटचे दोन क्लॅम्प काकांनी स्वतः आवळले. डोळे मिटून, मनगटानं. सांध्यावर मोहरीएवढे थेंब ओळीनं उभे राहिले आणि ते थांबले. मी एकोणीस वर्षं ते गिऱ्हाइकांना तोंडानं समजावून सांगत होते. इतकं बरोबर पहिल्या खेपेला करणारा मी एकच माणूस पाहिला.

मग आम्ही तिथंच पुठ्ठ्यावर बसून चिवडा खाल्ला. दर दहा मिनिटांनी अभिजित उठून फटी पाहायचा आणि काका म्हणायचे, "बस ना. तो काही पळून नाही राहिला." दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. क्लॅम्प काढले होते. सांधा कुठं आहे ते नखाला कळत नव्हतं.

बंगई टांगली, तिचा फोटोही आला. काका आडवे, पाय साखळीला टेकलेले. मला आनंद झाला, पण तिकीट पंधरा तारखेचं होतं आणि मध्ये दोनच आठवडे होते. अभिजितला विचारायचा धीर मला झाला नाही. फळी चिकटली म्हणजे सगळं चिकटलं असं नसतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले होते.

बारा तारखेला दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि बापूकाका एकटे आत आले. अभिजितनं बाहेर सोडलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात चिठ्ठी. मला वाटलं निरोप घ्यायला आलेत. मी काउंटरमागून बाहेर आले.

"ताई, चार क्लॅम्प द्या," ते चिठ्ठी पाहत म्हणाले. "पाऊण इंची. आणि आता पाइप चार फुटी लागतील, ते कुठून घ्यायचे तेही सांगा. सूनबाईला जेवायचं टेबल हवं. सगळ्यांना एकदम बसता येईल असं."

वॉल्टरनं नमुन्यादाखल ठेवलेला एक पाइप काउंटरवर पडलेला होता. मी तो बाजूला करायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं आणि तो पुसू लागले, जणू तो त्यांच्याच वर्कशॉपमधला होता.

"काका," मी शेवटी विचारलं, "आणि तिकीट?"

"ते रद्द केलं पोरानं." त्यांनी पाइप उजेडात धरून पाहिला. "मी काही बोललो नाही. एवढंच म्हटलं, की टेबलाला सहा फळ्या आहेत, तुला एकट्याला आवळायला जमणार नाही."

आणि त्यांनी तो पाइप दुसऱ्या टोकापासून पुन्हा पुसायला घेतला.